विहीणबाई आणि पहिलं पान

मी लिहिलेल्या पानाला आजवर एकाही माणसानं वाईट म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळं मी रडकुंडीला आले होते.

पान म्हणजे कवितेबिवितेचं नव्हे. संगणकाच्या कामात लायब्ररी नावाची एक गोष्ट असते. कुणीतरी आधीच मेहनत करून ठेवलेला कोड असतो, आपण तो आणायचा आणि आपल्या कामात घालायचा, तयार मसाल्यासारखा. मसाल्याच्या पुडीवर जशी कृती छापलेली असते तशी लायब्ररीबरोबरही माहितीची पानं असतात. ती लिहितात बहुतेक ज्यांना सगळं येतं अशी माणसं, आणि एके काळी आपल्यालाही काही येत नव्हतं हे ती साफ विसरलेली असतात. त्यामुळं कृतीची सुरुवात 'भाजी शिजली की' इथून होते. भाजी कुठून आणायची, चूल कशी पेटवायची, याचा पत्ता नाही.

नोकरी सोडल्यावर मी आलेख काढणाऱ्या एका लायब्ररीचं पहिलं पान मराठीत लिहायला घेतलं. अगदी नवख्या माणसासाठी. फुकटचं काम होतं. आमचे हे त्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायचे, आणि म्हणू देत. मी मराठी शाळेतून थेट इंजिनीअरिंग कॉलेजात पडले होते. इंग्रजी पानंच्या पानं पाठ करून मी पास होत गेले आणि आपण मुळातच ढ आहोत असं बरीच वर्षं समजत राहिले. मी ढ नव्हते, ती पानं वाईट होती, हे कळायला केस पांढरे व्हावे लागले. त्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

ही लायब्ररी सांभाळणारे स्वयंसेवक देशोदेशी पसरलेले आहेत, आणि त्यांचा एक नियम आहे. कुठल्याही भाषेतलं पहिलं पान कायम ठेवायचं असेल, तर त्या भाषेतल्या एखाद्या खऱ्या नवख्यानं ते वाचून, कुणाच्याही मदतीशिवाय, एक आलेख काढून दाखवायचा. सगळं रेकॉर्ड करायचं, त्याची मतंही घ्यायची. लिहिणाऱ्यानं शेजारी बसायला हरकत नाही, पण तोंड उघडायचं नाही आणि हात लावायचा नाही. लायब्ररीची नवी आवृत्ती दिवाळीनंतर येणार होती. तोवर असा नवखा मिळाला नाही तर मराठीचं पान काढून टाकणार होते.

नवख्यांना काय तोटा, असं मला वाटलं. आमच्या गारखेड्याच्या सोसायटीत तर सगळे नवखेच.

पहिले आले वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका. आल्या माणसाला आधी खायला घालायचं ही आमच्या घरची रीत, म्हणून मी त्यांना मुरमुऱ्यांची सुशीला केली, वर शेंगदाणे, लिंबू. मग नवख्यांसाठी बाजूला काढलेल्या जुन्या लॅपटॉपसमोर बसवलं. काकांनी पानाकडं प्रसन्न चेहऱ्यानं पाहिलं, हळूहळू खाली सरकवत शेवटापर्यंत नेलं, आणि म्हणाले, "लई भारी लिहिलंय. एकदम सोपं." आलेख कुठं आहे, असं मी विचारलं. "तो काय, येईलच की," ते म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

मग आमच्या यांच्या ऑफिसातल्या एक बाई आल्या. त्यांना पोहे दिले. त्यांनी पानातल्या मराठीची तारीफ केली आणि पोह्यांची कृती लिहून घेतली. तिसऱ्या शेजारीणबाई खरोखर कामाला लागल्या होत्या, पण तेवढ्यात कुणीतरी जिन्यातून ओरडलं, "पाणी आलं!" आमच्याकडं नळाला पाणी येणं हा सण असतो आणि तो कधी येईल ते कॅलेंडरवर नसतं. बाई उठून पळाल्या, मीही पळाले. दोघींच्या टाक्या भरेपर्यंत रेकॉर्डिंग रिकाम्या खुर्चीचं चालू राहिलं. परदेशातल्या तपासणाऱ्यांनी कळवलं की या नवख्यानं बराच वेळ शांतपणे विचार केलेला दिसतो, पण आलेख दिसत नाही. बाकीच्या दोघांबद्दल त्यांनी विचारलं होतं, की ही मतं आहेत की आशीर्वाद?

"त्यांचं काय चुकलं?" आमचे हे म्हणाले. "तू माणसाला गळ्यापर्यंत खाऊ घालतेस आणि मग विचारतेस, माझं कसं वाटलं. कोण बोलेल? आपल्याकडं भाजी खारट झाली तरी पाहुणा दुसऱ्यांदा मागून घेतो."

म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. पुढच्या माणसाला काहीही द्यायचं नाही असं मी ठरवलं. पाणीसुद्धा नाही. मागच्या गल्लीतले ओळखीचे एक दुकानदार आले, खुर्चीत बसले, स्वयंपाकघराकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. थोड्या वेळानं आवाज खाली करून म्हणाले, "वहिनी, घरात कुणाची तब्येत बरी नाय का?" मी उठून चहा टाकला. चहा पिऊन ते म्हणाले, पान एक नंबर आहे.

म्हणजे मला असा माणूस हवा होता जो माझ्या घरी येईल, बसेल, आणि तरीही मला नावं ठेवील. आपल्या समाजात असा हक्क फार थोड्यांना असतो. जावयाला असतो. आणि त्याहून मोठा त्याच्या आईला.

इथं आमच्या मुलीच्या लग्नाबद्दल सांगायला हवं. ते बौद्ध पद्धतीनं, साधेपणानं झालं. मानपान नाही, आहेर नाही, रुसवेफुगवे तर नाहीतच, असं दोन्ही घरांनी बैठकीतच कबूल केलं होतं. विहीणबाई फुलंब्रीच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, भूगोलाच्या बाई. हयातभर त्यांनी वह्या तपासल्या होत्या. पण लग्नात त्यांनी ब्र काढला नाही. वरण पातळ होतं, मंडपातले पंखे बंद पडले, तरी त्या हसतमुख. नंतरही भेटल्या की जय भीम, कशा आहात, बरं आहे. मला त्याचीच धास्ती वाटायची. रुसायचा हक्क त्यांचा होता, तो त्यांनी वापरलाच नव्हता, आणि अशी वस्तू वाया जात नसते.

दिवाळी तोंडावर आली असताना त्यांचा फोन आला. दाढ दुखतेय, उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरांकडं तीन-चार खेपा घालाव्या लागतील, रोज फुलंब्रीहून येण्यापेक्षा तुमच्याकडं राहिलं तर चालेल का? मी म्हटलं, घर तुमचंच आहे. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरपक्षाच्या, पेशानं मास्तरीण, दाढेनं हैराण, आणि चावायचं बंद असल्यामुळं माझ्या सुशीलेपासून सुरक्षित. यापेक्षा चांगला नवखा मला सात जन्मांत मिळाला नसता.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी विषय काढला. "विहीणबाई, एक पान वाचून द्याल का? आणि त्यात सांगितलंय तसं करून बघायचं. जमेल ना?"

"वाचायला काय," त्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "द्या."

मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि शेजारी बसले. डॉक्टरांनी मिठाच्या गुळण्या त्यांना सांगितल्या होत्या, पण गुळणी धरून बसले होते मी.

त्यांनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली. "ही लायब्ररी वापरणं अगदी सोपं आहे." थांबल्या. "हे कोण म्हणतंय?"

मी गप्प.

"ज्याला येतं तोच म्हणतोय ना? वर्गात सोपंय म्हटलं की ज्याला येत नाय ते लेकरू मान खाली घालतं. काढून टाका ते." पुढची ओळ कोड लिहायच्या भाषेबद्दल होती. "तुमच्या संगणकावर पायथन असेलच." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "असेलच म्हंजे? आहेरात दिलं होतं का तुम्ही?"

आहेर हा शब्द त्या बैठकीनंतर आमच्या दोन घरांत उच्चारला गेलेला नव्हता.

"पुढची ओळ लिहा, म्हणताय. कुठं लिहू? फळ्यावर?" त्यांनी पडद्यावर सगळीकडं शोधलं. पडद्यावर ज्या खिडकीत ओळ लिहायची असते तिच्याकडं मी नुसतं पाहिलं असतं तरी त्यांना कळलं असतं, म्हणून मी भिंतीकडं पाहत राहिले. बऱ्याच खटपटीनं त्यांना ती सापडली. एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी ओळ लिहिली, बटण दाबलं, आणि पडद्यावर लाल अक्षरांचा सडा पडला. सगळा इंग्रजीत. अशी लायब्ररी या संगणकावर सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता, कारण ती आधी उतरवून घ्यायची असते हे मी पानात सांगितलंच नव्हतं. विहीणबाईंनी तव्यावरून काढावा तसा हात मागं घेतला.

"हे काय झालं? मोडलं का काय?"

मी गप्प.

"अहो, मी विचारतेय. मोडलं का? भरून द्यावं लागंल का?"

मी भिंतीकडं बघत होते. त्या भिंतीवर एक पाल होती आणि तिलासुद्धा माझी कीव आली असावी.

"विहीण विचारतीय," त्या हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "आणि तुम्ही भिंतीकडं बघताय." मग उठल्या. "आणि मी जन्मभर लाल शाईनं लोकांना लिहिलं. मला कुणी लिहिलेलं नाय चालत." त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं.

दुपारी त्या जेवल्या नाहीत. आता, जेवायचं त्यांना डॉक्टरांनीच मना केलं होतं. त्यामुळं हा रुसवा आहे की दाढ आहे यावर आम्हा नवरा-बायकोत बराच खल झाला. हे म्हणाले दाढ. मी म्हणाले रुसवा. ताकही परत आलं तेव्हा यांचा पक्ष थोडा ढासळला. संध्याकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला. "आई, तू सासूबाईंना काय केलंस?"

रुसवाच होता.

"साडी आणूया का?" हे म्हणाले. साडी आणली असती तर मानपान झाला असता, म्हणजे बैठकीतलं मोडलं असतं. शिवाय दोष साडीचा नव्हताच. मी रेकॉर्डिंग लावून बसले आणि विहीणबाईंचं एकेक वाक्य ऐकत पान दुरुस्त करत गेले. 'अगदी सोपं' काढलं. 'असेलच' काढलं. काय कुठून आणायचं, कुठल्या खिडकीत लिहायचं, तिचं चित्र, सगळं घातलं. लाल अक्षरांसाठी वेगळा परिच्छेद लिहिला: ही आली तर काही मोडलेलं नसतं, शेवटची ओळ आधी वाचा, चूक बहुतेक तिथंच सांगितलेली असते. लिहिताना मला स्वतःची लाज वाटत होती आणि रागही येत होता. कॉलेजात मला कुणी हे एक वाक्य लिहून दिलं असतं, तर किती रडणं वाचलं असतं.

सकाळी दवाखान्यात जायचं होतं. रिक्षात आम्ही दोघी दोन टोकांना बसलो. दवाखान्यातल्या बाकावर मात्र जागाच नव्हती, खेटून बसावं लागलं. मी सगळं सांगून टाकलं. परदेशातल्यांचा नियम, दिवाळीनंतर पान काढून टाकणार, मी बोलले असते तर ती खेप फुकट गेली असती.

समोरच्या जबड्याच्या चित्राकडं पाहत त्या म्हणाल्या, "आधी का नाय सांगितलं? मला वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेताय."

"तुमची नाही हो. माझ्या पानाची."

"घरी लेकाला काय विचारलं," त्या म्हणाल्या, "की तो म्हणतो, आई थांब, आणि माउस काढूनच घेतो. खट खट खट. झालं, म्हणतो. मला काय झालं तेच दिसत नाय. फोनचं तसंच. सून गोड बोलते, पण काढून तीबी घेते." सून म्हणजे माझीच मुलगी. मी मान खाली घातली. "शाळेत संगणक आला तेव्हा आम्ही त्याला सुंदर गवसणी शिवली होती. कुणी उघडलाच नाय. विचारणार कोण? मला येत नाय, असं मास्तरणीनं म्हणायचं कसं?" मग एकदम माझ्याकडं वळल्या. "त्यामुळं काल तुम्ही गप बसलात ते लई लागलं. काढून घेणारे परवडले, पण बघत बसणारे नाय."

तेवढ्यात आत त्यांचं नाव पुकारलं म्हणून बरं.

पण पान तपासायचं आहे, आपल्याला कुणी तपासत नाही, हे एकदा कळल्यावर त्यांचा चेहरामोहराच बदलला. घरी आल्या आल्या, अर्धा गाल बधिर असताना, त्यांनी पदर खोचला. "काढा तुमचं पान."

आधी उदाहरणावरून भांडण झालं. मूळ पानात सफरचंद आणि संत्र्यांचा आलेख होता आणि मी तोच ठेवला होता. "फुलंब्रीत कोण सफरचंद पिकवतं?" बधिर गालामुळं त्यांचे शब्द एका बाजूनं येत होते. "अद्रक घाला." मी अद्रक घातलं. चार तालुके घेतले, आकडे काल्पनिक आहेत असं खाली स्पष्ट लिहिलं. त्यांनी कन्नड तालुक्याचा आकडा फुलंब्रीपेक्षा मोठा पाहिला आणि चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, अहो, काल्पनिक आहेत. "काल्पनिकच आहेत तर मग आमचा मोठा करायला तुमचं काय जातं?" मी फुलंब्रीचं पीक वाढवलं. तपासणाऱ्यांच्या नियमात अद्रकाबद्दल काही नव्हतं.

मग रेकॉर्डिंग सुरू झालं आणि मी पुन्हा गप्प झाले.

त्यांनी पान वर्गात वाचतात तसं वाचलं, एकेक ओळ, बोट ठेवून. पायथन आहे का ते पाहिलं, होतं. लायब्ररी उतरवली. ती उतरताना पडद्यावर इंग्रजी धावायला लागलं तेव्हा त्या थबकल्या, पान बघितलं, तिथं 'हे असं धावतं, थांबेपर्यंत थांबा' असं लिहिलेलं होतं, म्हणून हाताची घडी घालून थांबल्या. मग ओळी लिहायला लागल्या. नावाच्या दोन्ही बाजूंना द्यायचं एकेरी अवतरणचिन्ह कळफलकावर शोधायला इतका वेळ लागला की माझं बोट दोनदा हवेत गेलं आणि दोनदा मी ते पदराखाली दडवलं. शेवटी त्यांनी बटण दाबलं.

लाल अक्षरं.

एका तालुक्याच्या नावामागं ते चिन्ह द्यायचं राहून गेलं होतं, मला इथून दिसत होतं. ही शेवटची संधी होती. मी 'अ' जरी म्हटलं असतं तरी माझं वर्षभराचं काम आणि पुढच्या कितीजणांचं पहिलं पान गेलं असतं. विहीणबाईंनी लाल मजकुराकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं नाही पाहिलं या वेळी, त्यांच्याकडंच पाहिलं, आणि बोलले नाही. त्यांनी तोंड फिरवलं आणि माझं पान वाचायला घेतलं. "काही मोडलेलं नसतं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "शेवटची ओळ आधी वाचा." वाचली. बोट वर नेत नेत आपल्या ओळींवरून फिरवलं. "हां," म्हणाल्या. "कन्नड उघडंच राहिलंय." चिन्ह घातलं. बटण दाबलं.

आलेख आला. निळे चार खांब, आणि फुलंब्रीचा सगळ्यांत उंच.

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि मग मला रडूच आलं. पान राहणार होतं. विहीणबाईंना पानाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी फोन काढून लेकाला लावला, तोही व्हिडिओ कॉल, आणि फोन उलटा धरून लॅपटॉपसमोर नेला. जावई ऑफिसात होते.

"आई, हे काय आहे?"

"स्तंभालेख. मी काढलाय."

"वा! कुणी करून दिला?"

"कुणी नाय."

"म्हणजे सासूबाईंनी सांगितलं असेल ना, कुठं काय दाबायचं ते?"

"त्या?" विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. अर्धा गाल अजून बधिर होता, त्यामुळं हसू एकाच बाजूनं फुटत होतं. "त्या शेजारीच बसल्या होत्या. पण बोटसुद्धा लावलं नाय त्यांनी."

तिकडं जावयांनी फोन जवळ घेऊन आलेख नीट पाहिला. मग म्हणाले, "दिवाळीला आलो की मला दाखव कसं केलंस."

"दाखवते की," त्या म्हणाल्या. "पण माउसला हात लावायचा नाय."